मिरएनईझी मिनी किट आणि टॅकमॅन अॅसे: जखमी स्नायूतले मायक्रोआरएनए मोजायला घ्यावेत का?

इजा झालेल्या स्नायूत मायक्रोआरएनए (जनुकांचं काम दाबणारे आरएनएचे इवलेसे तुकडे) कसे बदलतात हे पाहणाऱ्या प्रयोगशाळांत दोन वस्तू हमखास सापडतात. आरएनए काढायला कायाजेनचं मिरएनईझी मिनी किट (कॅटलॉग क्रमांक 217004, 50 नमुन्यांचं) आणि मोजायला थर्मो फिशरचे टॅकमॅन मायक्रोआरएनए अॅसे, म्हणजे मोजणीच्या चाचण्या. हे परीक्षण या जोडीचं आहे, आणि तेही एका ठरावीक कामापुरतं: उंदराच्या पायाच्या स्नायूत कार्डिओटॉक्सिन किंवा बेरियम क्लोराइड ही तंतू मारणारी द्रव्यं टोचून इजा करायची आणि पुढचे दोन आठवडे मिर-1, मिर-133ए आणि मिर-206 या मायक्रोआरएनएंचा माग काढायचा. निकाल आधीच सांगून टाकतो: दोन्ही वस्तू बेलाशक घ्या. फक्त एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. जखमी स्नायूतून येणारा आकडा बऱ्याचदा पेशीच्या आत काय घडलं हे सांगत नाही, त्या तुकड्यात कोणत्या पेशी किती होत्या एवढंच सांगतो. ही जाण ठेवून प्रयोग आखला तरच पैसे वसूल होतात.

आधी किटकडे येऊ. साध्या आरएनईझी किटपेक्षा हे वेगळं का घ्यायचं, असा प्रश्न खरेदी समितीत नेहमी येतो, कारण दोन्हीतले कॉलम दिसायला सारखेच. फरक इथेनॉलचा आहे. साध्या किटमध्ये द्रावणात 70 टक्के इथेनॉल सम प्रमाणात घालतात, म्हणजे शेवटी साधारण 35 टक्के इथेनॉल होतं. तेवढ्यात 200 न्यूक्लिओटाइडपेक्षा लांब आरएनए सिलिकाच्या पडद्याला धरून राहतो आणि लहान तुकडे खाली वाहून जातात. मिरएनईझीमध्ये शुद्ध इथेनॉल दीडपट घालायचं असतं, म्हणजे शेवटी 60 टक्के. त्यामुळे 22 न्यूक्लिओटाइडचा मायक्रोआरएनएही पडद्यावर थांबतो. पहिल्या धुण्याचं बफरही वेगळं आहे: इथे आरडब्ल्यूटी वापरतात, साध्या किटमधलं आरडब्ल्यू-1 वापरलं तर लहान आरएनए धुऊन जातो. आरडब्ल्यूटी संपलं म्हणून कपाटातल्या जुन्या किटची बाटली उचलू नका. आरएनए भरपूर मिळेल, मीटरवर आकडाही छान दिसेल, आणि मायक्रोआरएनए मात्र त्यात जवळपास नसतील.

कृती अशी. गोठवलेल्या स्नायूचे 25 ते 30 मिलिग्रॅम 700 मायक्रोलिटर क्वायाझॉलमध्ये (किटमधलं फिनॉल-ग्वानिडीनचं द्रावण) घ्या. किटची मर्यादा 50 मिलिग्रॅम आहे, पण स्नायूसाठी तिच्या जवळ जाऊ नये, कारण आकुंचनाची प्रथिनं आणि कोलॅजन इतकं असतं की पुढे क्लोरोफॉर्मने थर वेगळे होतात तेव्हा मधला थर जाड होतो. 5 मिलिमीटरचा स्टीलचा मणी टाकून बीड मिलवर 20 ते 25 हर्ट्झला 2 मिनिटं फिरवा, ट्यूबची जागा बदलून पुन्हा 2 मिनिटं. फेस बसायला आणि प्रथिनं सुटायला 5 मिनिटं खोलीच्या तापमानावर ठेवा. मग 140 मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म घालून 15 सेकंद जोरात हलवा, 2 ते 3 मिनिटं थांबा, आणि 4 अंश सेल्सियसला 12,000 जी वर 15 मिनिटं सेंट्रीफ्यूज करा.

यानंतरच्या पायरीवर सगळ्यात जास्त नमुने बिघडतात. वरचा पाण्याचा थर साधारण 350 मायक्रोलिटर असतो आणि नवखा माणूस तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढायला जातो. जखमी स्नायूत मधला पांढरा थर भुसभुशीत असतो. पिपेटचं टोक त्याला लागलं की प्रथिनं आणि डीएनए वर येतात आणि कॉलम तुंबतो. त्यापेक्षा प्रत्येक नमुन्यातून मोजून 300 मायक्रोलिटर घ्या, त्यात 450 मायक्रोलिटर शुद्ध इथेनॉल घाला आणि पिपेटने वरखाली करून मिसळा. थोडा आरएनए सुटतो, पण सगळ्या नमुन्यांतून सारखाच सुटतो, आणि तुलना करायची असेल तर तेच महत्त्वाचं. दीडपटीचं प्रमाण खऱ्या आकारमानावर काढायचं असतं. 300 घेऊन सवयीने 525 मायक्रोलिटर इथेनॉल घालू नका.

मिश्रण दोन हप्त्यांत कॉलमवर चढवा, 8,000 जी वर प्रत्येकी 15 सेकंद. मग 700 मायक्रोलिटर आरडब्ल्यूटी, त्यानंतर 500 मायक्रोलिटर आरपीई दोनदा, दुसऱ्या वेळी 2 मिनिटं. कॉलम नव्या ट्यूबमध्ये ठेवून पूर्ण वेगात 1 मिनिट कोरडा फिरवा. ही पायरी घाईत गाळली तर इथेनॉल आरएनएसोबत उतरतं आणि पुढची अभिक्रिया दबते. शेवटी 30 ते 50 मायक्रोलिटर आरएनेझमुक्त पाण्यात आरएनए उतरवा. कॉलमची क्षमता 100 मायक्रोग्रॅम आहे, एवढ्या तुकड्यातून ती कधी भरत नाही.

शुद्धता पाहण्यासाठी 260 आणि 280 नॅनोमीटरवरचं प्रकाशशोषण मोजतात; 260/280 चं गुणोत्तर 2 च्या आसपास येतं. 260/230 मात्र स्नायूत बऱ्याचदा खालीच राहतं आणि लोक घाबरून नमुना पुन्हा स्वच्छ करायला घेतात. 230 ला दिसतं ते मुख्यतः ग्वानिडीन मीठ. पुढच्या अभिक्रियेत आरएनए 2 नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरपर्यंत पातळ करायचा असतो, म्हणजे मूळ द्रावण 100 असेल तर मीठही 50 पट पातळ होतं. फक्त यासाठी नमुना पुन्हा कॉलमवर चढवून आरएनए गमावण्यात अर्थ नाही. पातळ करायचं ते मात्र दोन टप्प्यांत आणि लो-बाइंड ट्यूबमध्ये करा. आधी 20 नॅनोग्रॅमपर्यंत आणून क्यूबिटवर (चमक मोजणारं यंत्र) मोजा, मग दहापट पातळ करा. 2 नॅनोग्रॅमचं द्रावण नॅनोड्रॉपवर (प्रकाशशोषण मोजणारं यंत्र) मोजून काहीच कळत नाही.

किटबद्दल दोन-तीन व्यावहारिक सूचना. कॉलम 15 ते 25 अंशांत ठेवायचे असतात. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात एसी नसलेल्या स्टोअररूममध्ये ही मर्यादा दिवसा सहज ओलांडली जाते, तेव्हा खोके एसीच्या खोलीतच ठेवा. आरडब्ल्यूटीमध्ये खडे दिसले तर कोमट करून विरघळवा, गाळून टाकू नका. धुण्याची बफर घट्ट रूपात येतात. बाटलीवर लिहिलंय तेवढं इथेनॉल घालून झाकणावर खूण करून ठेवा, कारण इथेनॉल नसलेलं बफर आरएनए धुऊन नेतं. हे इथेनॉल डिनेचर्ड नको, शुद्ध हवं. ते उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळतं, त्यामुळे किट यायच्या आधीच त्याची व्यवस्था लावा. आणि क्वायाझॉल व आरडब्ल्यूटीत ग्वानिडीन आहे, त्याच्या कचऱ्यात ब्लीच कधीही ओतू नका, विषारी वायू सुटतो. फिनॉल आहे म्हणून सगळं काम फ्यूम हूडमध्येच.

आता टॅकमॅन. या अॅसेची करामत त्याच्या उलट-लिप्यंतरणाच्या, म्हणजे आरएनएवरून डीएनएची प्रत (सीडीएनए) बनवण्याच्या, प्रायमरमध्ये आहे; प्रायमर म्हणजे ही प्रत सुरू करून देणारा छोटा डीएनए तुकडा. हा प्रायमर फासासारखा वळलेला असतो आणि मायक्रोआरएनएच्या 3' टोकाच्या फक्त 6 न्यूक्लिओटाइडना पकडतो. त्यामुळे अपक्व, लांब रूप सहसा मोजलं जात नाही आणि 22 न्यूक्लिओटाइडच्या तुकड्याला पीसीआरपुरती लांबी मिळते. 15 मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत 7 मायक्रोलिटर मास्टर मिक्स, 3 मायक्रोलिटर प्रायमर आणि 5 मायक्रोलिटर आरएनए, म्हणजे 10 नॅनोग्रॅम. मास्टर मिक्समध्ये एन्झाइम 1 मायक्रोलिटर, 10 पट बफर 1.5, डीएनटीपी 0.15, आरएनेझ इनहिबिटर 0.19 आणि पाणी 4.16. बर्फावर 5 मिनिटं, मग 16 अंशांवर 30 मिनिटं, 42 वर 30, 85 वर 5. पहिला 16 अंशांचा टप्पा विचित्र वाटतो, पण 6 न्यूक्लिओटाइडची पकड त्याहून गरम झाली की सुटते. सगळी सेटिंग बर्फावर करण्याचं कारणही तेच. 0.15 आणि 0.19 मायक्रोलिटर एकेका ट्यूबमध्ये पिपेट करता येत नाही, तेव्हा मिश्रण सगळ्या नमुन्यांसाठी एकदम आणि 10 ते 15 टक्के जास्त करा.

पीसीआरला 20 मायक्रोलिटरमध्ये 10 मास्टर मिक्स, 1 अॅसे, 1.33 सीडीएनए आणि 7.67 पाणी. 95 अंशांवर 10 मिनिटं, मग 95 वर 15 सेकंद आणि 60 वर 60 सेकंद अशी 40 आवर्तनं. 1.33 मायक्रोलिटरवर हात डळमळतो, म्हणून आम्ही सीडीएनए आधी तिप्पट पातळ करून 4 मायक्रोलिटर घालण्याची शिफारस करतो. तेवढं पाणी कमी करायचं, इतकंच.

ओळख किती अचूक? मिर-1 आणि मिर-206 या दोघांचा बीजभाग (लक्ष्य ओळखणारा सुरुवातीचा भाग) तंतोतंत सारखा आहे आणि 22 पैकी फक्त 4 जागांवर फरक आहे: 11, 17, 21 आणि 22. त्यांतल्या तीन जागा प्रायमर पकडतो त्या शेवटच्या 6 मध्ये येतात, म्हणून हा अॅसे त्यांना चांगला वेगळा ओळखतो. मिर-133ए आणि मिर-133बी यांच्यात मात्र शेवटचं एकच अक्षर वेगळं आहे, एकात जी, दुसऱ्यात ए. इथे थोडी सरमिसळ गृहीत धरावी. 133ए भरपूर आणि 133बी कमी असलेल्या नमुन्यात 133बीचा आकडा फुगू शकतो. दोघांवर वेगवेगळे दावे करायचे असतील तर कृत्रिम 133ए घेऊन 133बीच्या अॅसेत तो किती आवर्तनं उशिरा दिसतो हे आधी तपासा. 133बी आणि 206 एकाच जनुकीय पट्ट्यातून निघतात, त्यामुळे 133बी वाढला आणि 206 हललाच नाही असं चित्र दिसलं तर आधी सरमिसळीचाच संशय घ्या.

एवढं झाल्यावर खरी अडचण येते, आणि ती दोन्ही वस्तूंच्या माहितीपुस्तिकेत नाही.

इजेनंतर तिसऱ्या दिवशी स्नायूच्या तुकड्यात काय असतं? मेलेले तंतू, त्यांना खाणारे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या रोगप्रतिकारक पेशी, रक्त, आणि वेगाने विभागणाऱ्या सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायूच्या मूलपेशी. निरोगी स्नायूत वजनाच्या मानाने आरएनए कमी असतो. या पेशी शिरल्या की तेवढ्याच वजनात आरएनए बराच वाढतो. आपण प्रत्येक अभिक्रियेत 10 नॅनोग्रॅमच घालतो. समजा त्यातला अर्धा आरएनए अशा पेशींचा आहे ज्यांच्यात मिर-1 जवळजवळ नसतो, तर मिर-1 चा सीटी (पीसीआरमध्ये सिग्नल दिसू लागतो ते आवर्तन) 1 ने पुढे सरकेल. तीन चतुर्थांश असेल तर 2 ने. म्हणजे मिर-1 चारपट घटला असं दिसेल आणि एकाही जिवंत तंतूत काहीच बदललेलं नसेल. तिसऱ्या दिवशी मिर-1 आणि मिर-133ए घसरतात आणि मिर-223, मिर-21 चढतात. याला स्नायूपेशीचं नियमन म्हणण्याआधी हा हिशेब करायलाच हवा.

तो करायचा कसा? त्याच आरएनएतून साध्या सीडीएनएवर काही संदेशवाहक आरएनए मोजा: मॅक्रोफेजसाठी एडीजीआरई-1, पुनर्जननातल्या नव्या तंतूंसाठी एमवायएच-3, सॅटेलाइट पेशींसाठी पॅक्स-7. मिरएनईझी एकूण आरएनए देतं, लांब आणि लहान दोन्ही, ही त्याची आमच्या मते सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. लहान आरएनए वेगळा काढणारी पद्धत वापरली असती तर हा ताळा त्याच ट्यूबमधून घेता आला नसता. शेजारचा तुकडा हिमाटॉक्सिलिन-इओसिनने रंगवून मध्यवर्ती केंद्रकाचे, म्हणजे नव्याने बनलेले, तंतू मोजले की चित्र पुरं होतं.

मिर-206 ची गोष्ट उलटी आहे. नडगीवरच्या टिबियालिस अँटेरियरसारख्या वेगवान स्नायूत तो मुळात कमी असतो आणि नवे तंतू जुळू लागतात तसा, साधारण पाचव्या-सातव्या दिवसाच्या सुमारास, चढतो. इथे इतर पेशींच्या आरएनएने होणारी विरलता चढाच्या विरुद्ध काम करते, म्हणून हा चढ विश्वासार्ह. 2012 मध्ये मिर-206 नसलेल्या उंदरांत कार्डिओटॉक्सिननंतरचं पुनर्जनन लांबल्याचं दिसलं. हा मायक्रोआरएनए पॅक्स-7, नॉच-3 आणि आयजीएफबीपी-5 या जनुकांना दाबून पेशीला विभाजनाकडून तंतू होण्याकडे ढकलतो. एक सावधगिरी कापणीच्या वेळची: पोटरीतल्या सोलियस स्नायूत मिर-206 मुळातच जास्त असतो. गॅस्ट्रोक्नेमियस हा पोटरीचा मोठा स्नायू काढताना खालच्या बाजूला सोलियसची पातळ तांबूस पट्टी चिकटून आली, तर नियंत्रण नमुनाच वर जातो आणि इजेनंतरचा चढ लहान दिसतो. म्हणून टिबियालिस घ्यावा, किंवा सोलियस काळजीपूर्वक सोलून वेगळा करावा.

नियंत्रण म्हणून त्याच उंदराचा दुसरा पाय वापरायची पद्धत स्वस्त आहे, पण पुरेशी नाही. एका पायाला इजा झाली की दुसऱ्या पायातल्या सॅटेलाइट पेशीही सज्ज अवस्थेत जातात, हे 2014 पासून माहीत आहे. इजा न केलेले वेगळे उंदीर हवेतच, आणि सलाइन टोचलेलेही, कारण सुईनेही थोडी इजा होते. आचारसमितीच्या अर्जात ही संख्या सुरुवातीलाच मागून घ्या.

सामान्यीकरणावर, म्हणजे आकडे कोणत्या स्थिर आरएनएच्या तुलनेत मांडायचे यावर, थोडं कडक बोलतो. यू-6 हा छोटा आरएनए (अॅसे क्रमांक 001973) सगळे वापरतात म्हणून आपणही वापरायचा, हे जखमी स्नायूत चालणार नाही. तो मायक्रोआरएनए नाही, केंद्रकात राहतो, आणि शांत पेशींच्या जागी विभागणाऱ्या पेशी आल्या की त्याची पातळी स्थिर राहील याची हमी नाही. मिर-16 त्याहून वाईट, कारण लाल रक्तपेशींत तो भरपूर असतो आणि कार्डिओटॉक्सिनच्या जागी रक्त साचतं. उंदरासाठी एसएनओआरएनए-202 आणि 234 या छोट्या आरएनएंसोबत यू-6 घ्या, सगळ्या दिवसांच्या नमुन्यांवर चालवून पाहा, आणि त्यातले जे दोन सर्वांत कमी हलतात त्यांची सरासरी वापरा. मिर-451ए हा रक्ताचा मापक म्हणून प्रत्येक प्लेटवर ठेवा.

टॅकमॅन अॅडव्हान्स्ड ही नवी आवृत्ती घ्यावी का? तिच्यात मायक्रोआरएनएला ए-अक्षरांचं शेपूट आणि 5' टोकाला अडॅप्टर जोडून एकाच सीडीएनएतून हवे तेवढे मायक्रोआरएनए मोजता येतात. दहा-पंधरा लक्ष्यं आणि जेमतेम आरएनए असेल तर ती सोयीची. पण जोडणीला 5' टोकाचा फॉस्फेट लागतो, त्यामुळे यू-6 सारखी नियंत्रणं तिथे वापरता येत नाहीत, आणि मधे 14 आवर्तनांचं पूर्वप्रवर्धन (मोजण्याआधीच प्रती वाढवणं) आहे. तीन-चार लक्ष्यांसाठी जुनाच अॅसे बरा.

रक्तातून मोजायचं असेल तर ही मिनी आवृत्ती नव्हे, सीरम-प्लाझ्माची वेगळी आवृत्ती घ्या. रक्त ईडीटीएमध्ये घ्या, हेपॅरिन पीसीआर अडवतं. मिर-23ए आणि मिर-451ए यांच्या सीटीतला फरक 7 च्या वर गेला तर रक्तपेशी फुटल्या आहेत असं समजून नमुना बाजूला ठेवा. सीईएल-मिर-39 हा बाहेरचा मापक क्वायाझॉल घातल्यानंतरच टाका, आधी टाकला तर प्लाझ्मातले आरएनेझ त्याला खाऊन टाकतात.

वेगळ्या काढलेल्या सॅटेलाइट पेशींसाठी मिरएनईझीची मायक्रो आवृत्ती योग्य, तिचा कॉलम 10 ते 14 मायक्रोलिटरमध्ये आरएनए उतरवतो. मात्र एक मर्यादा कोणतंही किट दूर करू शकत नाही. कोलॅजेनेझ-डिस्पेझ या एन्झाइममध्ये तुकडे पचवून पेशी निवडणाऱ्या सॉर्टरमधून पेशी काढेपर्यंत काही तास जातात आणि तेवढ्यात शांत पेशी जाग्या होऊ लागतात. शांततेशी जोडलेले मिर-489 आणि मिर-31 नेमके याच वेळात बदलतात. त्यांवर काम करायचं असेल तर नमुना 4 अंशांवर नेऊन पचन जितकं लवकर थांबवता येईल तितकं थांबवा, आणि सगळ्या नमुन्यांना सारखाच वेळ द्या.

खरेदीचा हिशेब शेवटी, कारण इथे पैसे वाया जातात. 0, 3, 5, 7 आणि 14 असे पाच दिवस आणि प्रत्येकी 5 उंदीर, म्हणजे 25 नमुने. 50 कॉलमच्या किटमध्ये ते बसतात आणि सलाइनचा गटही बसतो. टॅकमॅनचा लहान पॅक एका लक्ष्यासाठी 50 उलट-लिप्यंतरणं आणि 150 पीसीआर देतो. 25 नमुने तीन-तीनदा चालवले की 75, शिवाय पाण्याचं आणि एन्झाइमविरहित नियंत्रण. पॅक आरामात पुरतो. सलाइनसकट 50 नमुने तीनदा चालवले तर 150 पूर्ण संपतात आणि नियंत्रणाला एक थेंब उरत नाही. तेव्हा दुसरा पॅक सुरुवातीलाच मागवा, तोही त्याच लॉटचा, आणि प्रत्येक लक्ष्याचे सगळे दिवस एकाच प्लेटवर चालवा.